हाऊ मच, हाऊ मेनी आणि पाच चिमण्या



या पानाकडे येणारी पत्रं बहुतेक ठरलेल्या विषयांची असतात. कबरस्तानाची जागा, मंडळीचा वर्धापन दिन, एखाद्या ज्येष्ठ पाळकसाहेबांच्या आठवणी, उपासनेची वेळ बदलली म्हणून तक्रार. पण यंदा पावसाळ्यात खानापूर तालुक्यातल्या एका भगिनीचं वहीच्या कागदावर लिहिलेलं पत्र आलं, ते मी अजून टेबलावरून हलवलेलं नाही. त्या बेळगावात लेकीकडे आल्या होत्या. एका मोठ्या दुकानात रांगेत उभ्या असताना काउंटरवरच्या मुलीनं इंग्रजीत काहीतरी विचारलं. यांना कळलं नाही. मागच्या बाईनं गळ्यातला क्रूस बघून म्हटलं, "अहो, तुम्ही ख्रिश्चन ना? मग एवढं इंग्लिश येत नाही?" पत्रात पुढचं एकच वाक्य आहे: "मला काय बोलायचं सुचलं नाही, मी सामान तिथंच ठेवून बाहेर आलो."

सीमाभागात आपल्या बायका "आलो, गेलो" असंच बोलतात, ते मुद्दाम तसंच ठेवलं आहे.

काउंटरवरची मुलगी काय विचारत होती, हे त्यांच्या लेकीनं नंतर सांगितलं. पिशवी हवी का, एवढंच. "कॅरी बॅग?" या दोन शब्दांपायी भरलेली टोपली सोडून एक बाई पावसात बाहेर उभी राहते. इंग्रजी न येणं हे त्यामागचं कारण आहे, असं मला वाटत नाही. इंग्रजी येत नाही हे चारचौघांत दिसलं, आणि वर "ख्रिश्चन असून" हे दोन शब्द जोडले गेले, हे कारण आहे.

हा टोमणा आपल्यापैकी किती जणांनी ऐकला असेल! शाळेत, बँकेत, सरकारी दवाखान्यात. लोकांच्या डोक्यात ख्रिश्चन म्हणजे सिनेमातला, फ्रॉक घालणारा, घरात इंग्रजी बोलणारा. आता आपली घरं बघा. सकाळची प्रार्थना मराठीत, भजनं मराठीत, भांडणं तर मराठीतच. काही घराण्यांतले लोक मिशनच्या शाळेत शिकून शिक्षक झाले, नर्स झाले, हे खरं. पण शेतावर, वीटभट्टीवर, दुसऱ्यांच्या घरी धुण्याभांड्यात आयुष्य काढलेले त्याहून कितीतरी जास्त. लंडन मिशन बेळगावात आलं १८२० साली. शुभवर्तमान लोकांना कळावं म्हणून मिशनरी साहेबांना आधी इथल्या भाषा शिकाव्या लागल्या. ख्रिस्त आपल्याकडे इंग्रजी बोलत आला नाही. म्हणून "ख्रिश्चन असून इंग्रजी येत नाही?" याला उत्तर साधं आहे: "नाही येत. प्रार्थना मराठीत करतो, ती पोहोचते."

हे उत्तर एकदा ठणकावून दिलं, की मग दुसरी गोष्ट शांतपणे बोलता येते. बाजारापुरतं इंग्रजी शिकायलाच हवं. प्रतिष्ठेसाठी नव्हे, पैशासाठी आणि औषधाच्या बाटलीसाठी. आमच्याकडे दुकानावरची पाटी कानडीत असते, दुकानदाराशी बोलणं मराठीत, आणि हातातल्या पुड्यावरचा मजकूर इंग्रजीत. पुड्यावरच्या मजकुराबाबत केंद्राचे २०११ चे नियम आहेत. त्यानुसार किंमत, वजन, उत्पादनाची तारीख, तक्रारीचा पत्ता हे सगळं हिंदीत, म्हणजे देवनागरीत, नाहीतर इंग्रजीत छापलं तरी चालतं. कंपन्या काय निवडतात ते आपण बघतोच. खडे बाजारात किंवा गणपत गल्लीत तोंडानं काम भागतं. बंद पुडा तोंडानं विचारून उत्तर देत नाही.

आमच्या मंडळीत लेंटच्या दिवसांपासून दर रविवारी उपासनेनंतर पाऊण तास असा वर्ग चालतो. शिकवायला मीच असतो, म्हणून पुढचं जे लिहितो ते तिथं पाहिलेलं आहे. महिला मंडळातल्या पंधरा-सोळा जणी, दोन निवृत्त वॉचमन, आणि एक आजोबा. ते म्हणतात मला काही शिकायचं नाही, मी बसायला आलोय. सगळ्यांत आधी एक गोष्ट मी ठरवून टाळली. ए, बी, सी, डी पासून सुरुवात. साठ वर्षांच्या बाईला "ए फॉर ॲपल" म्हणायला लावणं हा तिचा अपमान आहे. तिनं उभ्या आयुष्यात हजार वेळा सफरचंदाचा भाव केलाय. तिला फळाचं नाव नको, भावाचा शब्द हवा.

आणि शब्द तरी किती कमी पडतात? पहिल्या दिवशी फळ्यावर मी त्यांच्याच तोंडातले शब्द लिहून काढले. रेट, बिल, किलो, डझन, साइज, पाकीट, फ्रेश, गॅरंटी, डिस्काउंट, हाफ, फुल, कॅश, स्कॅनर. अर्ध्या तासात चाळीसच्या वर गेले. एक मावशी म्हणाल्या, "म्हणजे आम्हाला येतंय की ओ!" येतंयच. शब्द आहेत, फक्त त्यांना वाक्यात बसवायची सवय नाही.

वाक्यात बसवताना पहिली अडचण येते ती आपल्या "किती" या शब्दाची. मराठीत एका "किती"त सगळं भागतं. किती पैसे, किती आंबे, किती वेळ. इंग्रजीत मोजता येणाऱ्या वस्तूला "हाऊ मेनी" आणि भावाला "हाऊ मच". दुकानदार "हाऊ मेनी?" म्हणाला, तर तो किती नग हवेत ते विचारतोय, तुम्ही "हाऊ मच?" म्हणालात, तर तुम्ही दाम विचारताय. हे दोन कानांत बसले की निम्मा बाजार झाला. "कांदे कसे दिले?" याचं शब्दाला शब्द इंग्रजी करायला जाऊ नका, ते कोणालाच कळणार नाही. कांद्याकडे बोट करा आणि म्हणा, "हाऊ मच फॉर वन किलो?" महाग वाटलं तर "टू मच". आणखी कमी करा म्हणायचं तर "प्लीज, लेस." व्याकरणाचे जाणकार नाक मुरडतील. मुरडू देत. भाजीवाला भाव कमी करतो.

खरी गंमत आकड्यांत आहे, आणि खरा तोटाही तिथंच. आपण मराठीत एकक आधी बोलतो, दशक नंतर. सत्तावीस म्हणताना सात आधी येतो, वीस मागून. इंग्रजी उलटं चालतं, "ट्वेंटी" आधी आणि "सेव्हन" मागून. त्यात आपले "एकोण". एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक कमी. पण कानात "ऐंशी" वाजतं, आणि तोंडातून "एटी-नाइन" निघतं. एकोणऐंशी रुपयांचे झाले एकोणनव्वद, दहा रुपये गेले. वर्गात पहिल्या महिन्यात निम्म्या जणी इथंच अडकायच्या. मग कडोलीहून येणाऱ्या एका आक्कांनी तोड काढली. म्हणाल्या, "सर, कानडीत म्हणून बघा की." बरोबर आहे! कानडीत दशक आधी, एकक नंतर. इप्पत्तैदु, म्हणजे वीस आणि पाच. ट्वेंटी-फाइव्ह, वीस आणि पाच. एप्पत्तोंबत्तु, सत्तर आणि नऊ, सेव्हंटी-नाइन. सीमेवरच्या माणसाला दोन भाषांचं ओझं असतं असं आपण नेहमी रडतो. इथं ते ओझं उपयोगी पडलं. आता आमच्या वर्गात आकडा अडला की आधी कानडीत मोजतात, मग इंग्रजीत उतरवतात. इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांना ही सोय नाही, हिंदीही आपल्यासारखीच उलटी मोजते. त्यांनी एकोणतीस, एकोणचाळीस अशा आठ आकड्यांची चिठ्ठी करून पाकिटात ठेवावी.

दुसरा सापळा "थर्टीन" आणि "थर्टी"चा. तेरा आणि तीस, पंधरा आणि पन्नास, अठरा आणि ऐंशी. गर्दीत, पंख्याच्या आवाजात हे दोन्ही सारखेच ऐकू येतात. शेवटचा "टीन" लांबवला तर तेरा, "टी" पटकन तुटला तर तीस, असं शिकवलं जातं. खरं सांगायचं तर कानावर एवढा भरवसा ठेवू नका. विचारा, "वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झीरो?" एक-पाच की पाच-शून्य? इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांनाही हा प्रश्न विचारावा लागतो, त्यात कमीपणा काही नाही.

आणि आपले दीड, अडीच, सव्वा, पावणे! इतके गोड शब्द इंग्रजीत नाहीत, हे ऐकून वर्गातल्या बायकांना फार बरं वाटलं. दीडशे म्हणजे "वन फिफ्टी", अडीचशे "टू फिफ्टी", सव्वाशे "वन ट्वेंटी-फाइव्ह", पावणेदोनशे "वन सेव्हंटी-फाइव्ह", साडेतीनशे "थ्री फिफ्टी". दुकानदार "हंड्रेड" हा शब्द गाळतो, हे लक्षात ठेवा. "टू फोर्टी" म्हणजे दोन रुपये चाळीस पैसे नव्हेत, दोनशे चाळीस. पाव किलो मागायचं तर "टू फिफ्टी ग्रॅम्स", अर्धा किलो "हाफ किलो", दीड किलो "वन अँड अ हाफ". काट्यावर आकडा ०.२५० असा दिसतो. टिंबाच्या डावीकडे किलो, उजवीकडे ग्रॅम. वस्तू ठेवण्याआधी काटा शून्यावर आहे का ते बघायचं. त्याला तर इंग्रजीही लागत नाही, डोळे लागतात.

पुड्यावरचं वाचन मात्र सवयीनं येतं. आम्ही दर रविवारी घरातला एकेक रिकामा पुडा आणायला सांगतो. चहापत्ती, बिस्किटं, साबण, खोकल्याचं औषध. त्यावर "एम.आर.पी." शोधायचं. ही जास्तीत जास्त किंमत, आणि पुढे बारीक अक्षरांत "इन्क्लुझिव्ह ऑफ ऑल टॅक्सेस" लिहिलेलं असतं, म्हणजे सगळे कर धरून. त्यावर जीएसटी वेगळा म्हणून दुकानदार एक रुपयाही मागू शकत नाही. कमीत दिला तर त्याची मर्जी. मग "नेट क्वांटिटी" किंवा "नेट वेट", म्हणजे आतल्या मालाचं वजन. पुडा फुगलेला दिसतो, आत निम्मी हवा असते. कुठं कुठं ग्रॅममागे किती पैसे पडतात तेही छापलेलं असतं, ते बघायची सवय लावा. मोठा पुडा स्वस्त पडतो हा आपला जुना समज. मागच्या महिन्यात वर्गात हिशेब मांडला: एकाच चहाचा अर्धा किलोचा पुडा १४० ला, आणि २०० ग्रॅमचा ५२ ला. दहा ग्रॅमला मोठ्यात पडतात दोन रुपये ऐंशी पैसे, लहानात दोन रुपये साठ. वॉचमन काकांनी तिथंच डोक्याला हात लावला.

तारखेचे दोन शब्द वेगळे ओळखा. "बेस्ट बिफोर" म्हणजे त्या तारखेपर्यंत चव आणि दर्जा चांगला. "एक्स्पायरी" किंवा "युज बाय" म्हणजे त्यानंतर वापरायचंच नाही. औषधावर दुसरा शब्द असतो, आणि तिथं कसर नको. आमच्या वर्गातल्या एका भगिनीनं घरी जाऊन औषधांचा डबा उघडला आणि सहा बाटल्या फेकल्या. वर्गाचा एवढाच उपयोग झाला असता तरी मी समाधानी राहिलो असतो.

सेलच्या पाट्यांवर "फिफ्टी पर्सेंट ऑफ" मोठ्या अक्षरांत, आणि त्याच्या डोक्यावर मुंगीएवढं "अप टू". म्हणजे पन्नास टक्क्यांपर्यंत. एका जुन्या शर्टावर पन्नास आणि बाकी सगळ्यावर दहा असलं तरी पाटी खोटी ठरत नाही. "फ्लॅट" लिहिलं असेल तर सगळ्यावर सारखी सूट. "बाय टू गेट वन" म्हणजे दोन विकत घेतल्यावर एक फुकट. दोन फुकट नव्हे. शेजारी चांदणी असेल तर खाली बारीक अक्षरांत अटी असतात. बिलावर "क्वांटिटी" म्हणजे नग, "रेट" म्हणजे एकाचा भाव, "अमाउंट" म्हणजे त्या ओळीची रक्कम. एकच वस्तू दोनदा टाकलेली असते कधी कधी, ते "क्वांटिटी"च्या रकान्यात कळतं. तेव्हा घाबरायचं नाही. बोट ठेवायचं आणि म्हणायचं, "प्लीज चेक." दोन शब्द. कुणी दाद देईना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

मोबाइलवर दोन शब्द तर पाठच करा. "क्रेडिटेड" म्हणजे पैसे आले, "डेबिटेड" म्हणजे गेले. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. "तुमचे पैसे द्यायचे आहेत, पिन टाका" असं जो सांगतो तो चोर, मग तो कितीही फाडफाड इंग्रजी बोलो.

आता दुसऱ्या पत्राकडे वळतो. पहिलं पत्र छापल्यावर वडोदऱ्याच्या एका वाचकबंधूंनी कळवळून लिहिलं आहे. त्यांचं म्हणणं असं: आमच्याकडे तीन पिढ्यांत मराठी उपासनेला येणारे कमी होत चालले, नातवंडं मराठी भजन रोमन अक्षरांत वाचतात. सीमाभागात तर मराठी आधीच अडचणीत. अशा वेळी मंडळीच्या सभागृहात इंग्रजीचा वर्ग, तोही रविवारी? मराठीचा वर्ग का नको?

या दुःखात मी पूर्ण सहभागी आहे. मराठीचा वर्ग हवाच, आणि तो नातवंडांसाठी हवा. पण मराठी कोणामुळे मागे पडतेय ते नीट बघू या. खानापूरच्या मावशींना "कॅरी बॅग" कळल्यानं मराठी मरणार नाही. ती मरते ती आपल्या लग्नपत्रिकांत, जिथं नवरा-नवरीपैकी कोणाच्याच आजीला वाचता येणार नाही असा इंग्रजी मजकूर आपण हौसेनं छापतो. ती मरते जेव्हा मंडळीच्या सभेत इंग्रजीत बोलणाऱ्याचं म्हणणं आपण आपोआप जास्त वजनाचं मानतो. जिला इंग्रजीची भीती वाटते ती आई लेकराला मराठीपासून तोडते, कारण आपल्यासारखी फजिती त्याची होऊ नये. भीती गेली की ती तोडणार नाही, असा माझा अनुभव आहे.

आपल्याच घरातले दाखले आहेत. बाबा पदमनजी बेळगावचे, जन्म १८३१. इथल्या मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले. त्या इंग्रजीचं त्यांनी काय केलं? १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ मराठीत लिहिलं, आणि १८६३ मध्ये मोल्सवर्थसाहेबांच्या अवाढव्य मराठी-इंग्रजी कोशाची सुटसुटीत आवृत्ती काढली, साध्या माणसाला परवडेल आणि हाताळता येईल अशी. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या तेव्हा पंचविशीच्या होत्या. संस्कृत मुखोद्गत, पण इंग्रजी नीट शिकल्या त्या तिथं वाँटेजला. चार वर्षांत, १८८७ साली, त्यांचं इंग्रजी पुस्तक अमेरिकेत निघालं. पण आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी कशात घालवली? इब्री आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचं साध्या बायकांना कळेल अशा मराठीत भाषांतर करण्यात. १९२२ साली त्या प्रभूकडे गेल्या तेव्हाही त्याच कामात होत्या. या दोघांच्या घरात इंग्रजी पाहुणी म्हणून आली आणि कामाला लागली. घरची मालकीण मराठीच राहिली.

रविवारी का, हाही प्रश्न आहे. बाजाराचे भाव प्रभूच्या घरात कशाला, असं आमच्यातल्याही एका वडीलधाऱ्यांनी विचारलं होतं. त्यांना मी मत्तयचा दहावा आणि लूकचा बारावा अध्याय शेजारी शेजारी ठेवून वाचायला सांगितलं. मत्तयात प्रभू म्हणतो, एका नाण्याला दोन चिमण्या मिळतात. लूकमध्ये तोच भाव दोन नाण्यांना पाच चिमण्या असा आहे. हिशेब करा. एकाला दोन, तर दोनाला चार हव्यात. पाचवी वरकड, फुकट. चार घ्या, एक मोफत! त्या काळच्या बाजारातली ही सवलत प्रभूला ठाऊक होती. ते नाणं म्हणजे दिवसभराच्या मजुरीचा सोळावा भाग. चिमण्या हे गरिबाचं मटण. म्हणजे आपला तारणारा गरिबाच्या रांगेत उभा राहिलेला आहे, भाव ऐकलेला आहे. आणि तो म्हणतो, जिची किंमतच धरली नाही त्या पाचव्या चिमणीचाही देवाला विसर पडत नाही.

वर्गात हा भाग सांगितला तेव्हा बराच वेळ कोणी बोललं नाही. मग "मी नुसता बसायला आलोय" म्हणणारे आजोबा म्हणाले, "म्हणजे ती फुकटातली चिमणी म्हणजे आपण." यावर मी आणखी काय प्रवचन करणार?

पवित्र शास्त्र बाजाराला बिचकत नाही. योहानाच्या सहाव्या अध्यायात प्रभूनं फिलिप्पाला भाकरी कुठून विकत घ्याव्यात हे विचारलं आणि फिलिप्पानं उभ्याउभ्या दोनशे दिनारांचा अंदाज सांगितला. भाव पाठ असल्याशिवाय असं सांगता येत नाही. नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात माल वाईट आहे, वाईट आहे असं म्हणत भाव पाडणारं गिऱ्हाईक आहे, आणि घरी जाऊन स्वस्तात मिळालं म्हणून बढाई मारणारंही तेच. हे वाचून सगळ्याजणी एकमेकींकडे बघून हसल्या. लेवीय १९ मध्ये खरी तागडी आणि खरी मापं ठेवा अशी आज्ञा आहे, आणि आमोसानं लहान माप आणि मोठं वजन ठेवणाऱ्यांना कसं झोडपलं ते आठव्या अध्यायात आहे. तेव्हा आपल्यातले जे दुकानदार आहेत, रिक्षावाले आहेत, त्यांनाही हा धडा लागू. समोरच्याला भाषा येत नाही म्हणून पाचाचे पंधरा करणं हे खोटं मापच आहे. ते इंग्रजीत केलं काय आणि मराठीत केलं काय.

उच्चारांबद्दल लाज वाटते असं पुष्कळजण म्हणतात. "धिस"ला "दिस" होतं, "झीरो"चं "जिरो". पेत्राची आठवण ठेवा. महायाजकाच्या वाड्यात लोकांनी त्याला ओळखलं ते त्याच्या बोलण्यावरून, गालीलच्या हेलावरून. त्या रात्री तो भ्याला. पण पन्नासाव्या दिवशी, पवित्र आत्मा उतरला तेव्हा, गर्दीला पहिलं नवल वाटलं ते हेच, की बोलणारे सगळे गालीलकर आहेत. हेल गेला नव्हता, भीती गेली होती. आमच्या बेळगावी हेलात "हाऊ मच ओ?" म्हटलं तरी दुकानदार भाव सांगतोच, हे मी स्वतः ऐकलं आहे.

घरातल्या तरुणांना मात्र जरा खडसावून सांगतो. आईनं "बेस्ट बिफोर" चुकीचं वाचलं की हसू नका. तिनं तुम्हाला चालायला शिकवताना किती वेळा पडू दिलं, आणि हसली नाही. तिच्या हातातला मोबाइल ओढून "दे इकडे, मी करतो" म्हणणं ही मदत नव्हे. दहा मिनिटं थांबा, तिला करू द्या. आमच्या वर्गात गैरहजेरीचं सर्वांत मोठं कारण पाऊस नाही, घरच्यांची थट्टा आहे.

वर्ग सुरू करायला फार काही लागत नाही. एक फळा, घराघरांतले रिकामे पुडे, जुनी बिलं, आणि तरुण संघातली दोन धीराची मुलं. एक जण दुकानदार होतो, एक गिऱ्हाईक. आम्ही खेळण्यातल्या नोटा आणल्या होत्या, पण त्या मुलांनी पळवल्या, आता चिंचोके वापरतो. तीन महिन्यांनी सगळ्यांनी मिळून खरोखरच्या दुकानात जायचं, प्रत्येकीनं शंभर रुपयांच्या आत खरेदी करायची, बिल स्वतः तपासायचं. आमची पहिली फेरी झाली. एकीच्या बिलात साबण दोनदा लागला होता. तिनं बोट ठेवलं आणि "प्लीज चेक" म्हणाली. काउंटरवरचा मुलगा "सॉरी, आंटी" म्हणाला आणि बिल बदललं. पस्तीस रुपये वाचले. त्यातले दहा तिनं पुढच्या रविवारी अर्पणाच्या थैलीत टाकले, आणि हे मला तिनं नाही, तिच्या जावेनं सांगितलं.

नाताळच्या खरेदीला अजून काही आठवडे आहेत. ज्या मंडळ्या असा वर्ग सुरू करतील त्यांनी या पानाला जरूर कळवावं. काय जमलं, कुठं अडलं, कोणत्या शब्दानं दगा दिला. फळ्यावर लिहायच्या वाक्यांची यादी हवी असेल तर पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट पाठवा, मी हातानं उतरवून देईन. पत्रं मराठीतच लिहा.